नवा लॅपटॉप घरी आला: काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

जून लागला की संध्याकाळी माझ्या फाटकाशी कोणी ना कोणी लॅपटॉपची बॅग घेऊन उभं असतं. निकाल लागलेले असतात, इंजिनिअरिंग नाहीतर बीसीएच्या ॲडमिशनची धावपळ चाललेली असते आणि नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा लॅपटॉप घरी आलेला असतो. तक्रार बहुतेक एकच. "भाऊ, कालच घेतला, अन् स्क्रीनवर सारखं काहीतरी येऊन राहिलं. व्हायरस आला का?" १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून यात निवृत्त मंडळींचीही भर पडली आहे. जुना संगणक विंडोज ११ घेत नाही, म्हणून त्यांनी नवा घेतलेला असतो.

व्हायरस सहसा नसतोच. असतं ते ट्रायलवालं सॉफ्टवेअर, म्हणजे महिनाभर फुकट आणि पुढे पैसे. अँटिव्हायरस, गेम आणि क्लाउड स्टोरेज (इंटरनेटवर फाइली ठेवायची जागा) विकणाऱ्या कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे देतात आणि त्यांचा माल कारखान्यातच आत भरला जातो. हे बेकायदेशीर नाही, लॅपटॉपची किंमत थोडी खाली राहायला त्याची मदतच होते. पण कंपनीने टाकलंय म्हणजे चांगलंच असणार, असं धरून चालू नका. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच भरलेलं ‘सुपरफिश’ नावाचं सॉफ्टवेअर फेब्रुवारी २०१५मध्ये उघडकीला आलं. ते होतं जाहिराती दाखवण्यासाठी, पण त्यामुळे बँकेच्या सुरक्षित वेबसाइटशी चालणारी देवाणघेवाणही तिसऱ्याला मधेच वाचता येईल अशी फट पडत होती. ते काढायचं साधन शेवटी कंपनीलाच द्यावं लागलं.

काढणं अवघड नाही, एका संध्याकाळचं काम आहे. अवघड आहे ते ओळखणं. यातलं तुम्ही पैसे देऊन घेतलेलं कोणतं, लॅपटॉप चालायला लागणारं कोणतं आणि नुसतं चिकटवलेलं कोणतं? नवखा माणूस इथेच चुकतो. एकतर भीतीपोटी सगळंच राहू देतो, नाहीतर वैतागून सगळंच उडवतो. खाली लिहिलंय ते विंडोज ११ धरून. मेनूतली नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, मी ती उच्चारानुसार लिहिली आहेत.

दुकानातच घ्यायची काळजी

दुकानदार म्हणतो, "ताई, पाच मिनिटं थांबा, चालू करून देतो." बहुधा चांगल्या मनानेच म्हणतो. पण विंडोज ११ होम पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, आणि गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नसला की दुकानातला मुलगा स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. याचे दोन परिणाम होतात, आणि दोन्ही महिन्यांनी कळतात. लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) आलं असेल तर ते ज्या खात्यातून सुरू केलं त्या खात्याला बांधलं जातं. दुसरं, बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं, आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. उद्या लॅपटॉपने ती की मागितली तर तुमच्याकडे नसणार.

मानेवाड्याच्या एका काकूंचं असंच झालं. शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर आठवणी टाइप करायला लॅपटॉप घेतला. दुकानात कोणाच्या तरी ईमेलवर चालू करून मिळाला. काही दिवसांनी वर्ड ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणायला लागलं. दुसऱ्या एका दुकानात नेला, तिथे १,५०० रुपये घेऊन चोरीचं ऑफिस टाकून दिलं. माझ्याकडे आल्या तेव्हा मी फक्त खोका मागवला. त्यावर ‘ऑफिस होम २०२४’ असं स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे त्याचे पैसे काकूंनी लॅपटॉपच्या किमतीतच भरले होते. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्या विचारत होत्या, "माझंच काही चुकलं का?"

म्हणून दुकानात सांगा की पहिलं सेटअप घरी करतो. डब्बा उघडून स्क्रीन, कीबोर्ड आणि चार्जर तपासा, चालू करून सेटअपचा पहिला स्क्रीन बघा आणि तिथेच थांबा. सेटअप आधीच झालेलं असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे ‘युअर इन्फो’ उघडा. दिसणारा ईमेल तुमचा नसेल तर त्याच आठवड्यात दुकानात परत जा. त्या खात्यातून ऑफिस सुरू झालेलं असेल तर खात्याचा पासवर्ड, रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमच्या नावावर बदलून घ्या. सुरू झालेलं नसेल, तर काहीही साठवण्याआधी लॅपटॉप रीसेट करून स्वतःच्या खात्याने पुन्हा चालू करणं सगळ्यात स्वच्छ.

काढण्याआधी

चार्जर लावून ठेवा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. नव्या लॅपटॉपचे पहिले अपडेट मोठे असतात आणि दोन-तीनदा रीस्टार्ट होतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका, दिवसाचा डेटा अर्ध्या वाटेतच संपेल. तोवर पोहे-तर्री खाऊन या. मे-जूनमध्ये करत असाल तर आणखी एक: लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. बाहेर ४५ अंश असले तरी कूलरची हवा दमट असते, आणि ती मशिनला चांगली नाही.

मग खोका आणि बिल समोर घ्या. खोक्यावर ‘ऑफिस होम २०२४’ किंवा ‘ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१’ असं काही असेल तर ते कायमचं ऑफिस आहे, ट्रायल नाही. त्याला हात लावायचा नाही. उलट पहिल्याच आठवड्यात वर्ड उघडून स्वतःच्या खात्याने साइन इन करा आणि ते सुरू करून घ्या, कारण असं सोबत आलेलं ऑफिस नावावर करून घ्यायला मुदत असते. नंतर वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट उघडलं की काय मिळालंय ते तिथे लिहिलेलं दिसतं. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ ही मात्र वर्गणी आहे. महिनाभर फुकट म्हणून ती कार्ड मागते, आणि आपण बंद केली नाही तर पुढे पैसे कापले जातात. काही लॅपटॉपवर दोन्ही असतात, म्हणून नाव नीट वाचा.

आता रीस्टोअर पॉइंट करा, म्हणजे चुकून भलतंच काही निघालं तर मागे येता येतं. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट’ टाइप करा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा, सिस्टिम प्रोटेक्शन चालू करा (बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते बंदच असतं) आणि मग ‘क्रिएट’. नाव काहीही द्या. मी तारीख देतो.

नावं वाचायला शिका

विंडोजचं बटण आणि आय एकदम दाबा, सेटिंग्ज उघडतं. त्यात ॲप्स, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’. लांबलचक यादी दिसेल. लगेच काही काढू नका. आधी मोबाइलने यादीचे फोटो काढा, पूर्ण खालपर्यंत. नंतर काही बिघडलं तर आधी काय होतं हे या फोटोंवरूनच कळतं.

प्रत्येक नावाखाली ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव बारीक अक्षरात असतं. सगळं शहाणपण त्या बारीक ओळीत आहे.

इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक, सिनॅप्टिक्स, मीडियाटेक, डॉल्बी ही नावं दिसली की पुढे सरका. तिथे ग्राफिक्स, आवाज, वाय-फाय आणि टचपॅड चालवणारे ड्रायव्हर असतात. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या चार-सहा ओळी असतील, एकच गोष्ट इतक्या वेळा कशाला असं वाटेल, पण वेगवेगळे प्रोग्रॅम तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर उभे असतात. ‘वेबव्ह्यू २ रनटाइम’ आणि ‘डॉट नेट’ यांचंही तेच. ठेवा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने जागा मोकळी करायची म्हणून ‘मला माहीत नाही ते सगळं’ काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या लॅपटॉपचा आवाज गेला होता आणि टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नव्हतं.

लॅपटॉपच्या कंपनीची स्वतःची सॉफ्टवेअरं हा मधला गठ्ठा आहे. लेनोवोचं व्हँटेज, डेलचं सपोर्टअसिस्ट, एचपीचं सपोर्ट असिस्टंट, आसुसचं मायआसुस. काही लोक यांनाही कचरा समजतात, मला ते पटत नाही. बायोस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हरचे अपडेट यांच्यातूनच सहज मिळतात. शिवाय व्हँटेज आणि मायआसुसमध्ये बॅटरी पूर्ण शंभर टक्के न भरता ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो त्यांनी ती जरूर चालू करावी, उन्हाळ्यात तर नक्कीच. म्हणजे कंपनीचं मुख्य एक ॲप ठेवा. त्याच कंपनीची ‘ऑफर्स’, ‘रजिस्ट्रेशन’, ‘वेलकम’ अशा नावांची बाकी ॲप्स गेली तरी काही अडत नाही.

आता उरतं ते तिसरं: मुदतीचा अँटिव्हायरस, गेमचे गठ्ठे, कधी मागितलं नव्हतं ते व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारं ॲप), क्लाउड स्टोरेजची ऑफर, हॉटेल बुकिंगचे शॉर्टकट. हे काढायचं. नाव ओळखू येत नसेल तर ते आणि कंपनीचं नाव मिळून गुगलवर शोधा, आणि तरी खात्री झाली नाही तर राहू द्या. एखादं फालतू ॲप राहिल्याने नुकसान होत नाही. चुकीचं निघाल्याने होतं.

अँटिव्हायरस आधी

सुरुवात यापासून करा. लॅपटॉप जड चालण्यामागे आणि स्क्रीनवर घाबरवणाऱ्या खिडक्या येण्यामागे बहुतेक वेळा हाच असतो.

लोकांना भीती वाटते, की हा काढला तर लॅपटॉप उघडा पडेल. तसं होत नाही. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून आहे, फुकट आहे आणि त्याला मुदत नाही. दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत तो बाजूला बसतो, दुसरा निघाला की आपोआप कामाला लागतो. घरच्या वापराला, विंडोज अपडेट चालू ठेवून आणि नको त्या लिंक न दाबता, तो पुरेसा आहे असं माझं मत आहे. तुम्ही दुकानात क्विक हीलसारखा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर अर्थातच तो वापरा, पण आधी ट्रायलवाला काढा आणि मगच तो टाका. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी एकाच फाइलवर झडप घालायला लागले की ८ जीबी रॅमचा लॅपटॉपही रखडतो, आणि पंखा गरगरत राहतो.

इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये त्याच्या नावासमोरचे तीन ठिपके दाबा, ‘अनइन्स्टॉल’ निवडा, पुन्हा ‘अनइन्स्टॉल’. परवानगी विचारेल, तिथे ‘येस’. मग त्या कंपनीची स्वतःची खिडकी उघडते, आणि इथे घाई करायची नाही. मोठं रंगीत बटण बहुधा ‘संरक्षण चालू ठेवा’ असं असतं, आणि काढायचं बटण फिकट, कोपऱ्यात. कधी सवलत देऊ करतात, कधी ‘तुमचा संगणक धोक्यात येईल’ म्हणतात. प्रत्येक पानावरची दोन्ही बटणं वाचा, मगच दाबा. फाइली आणि सेटिंग्जही काढायच्या का असं विचारलं तर त्या चौकटींवर टिक करा. शेवटी रीस्टार्ट मागेल. लगेच करा, ‘नंतर’ म्हणू नका, कारण रीस्टार्टशिवाय काढण्याचं काम अर्धवटच राहतं.

लॅपटॉप परत चालू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी टिक दिसली की डिफेंडर जागेवर आला. ती दिसेपर्यंत पुढच्या कामाला लागू नका. पिवळं चिन्ह असेल तर त्यावर दाबून जे ‘टर्न ऑन’ म्हणतंय ते चालू करा.

यादीत त्याच कंपनीची आणखी एक-दोन नावं असू शकतात, वेबसाइट तपासणारं किंवा व्हीपीएनचं. ती वेगळी काढावी लागतात.

कधीकधी हा अँटिव्हायरस निघतच नाही, मध्येच चूक दाखवून थांबतो. मॅकॅफीचं त्यासाठी ‘एमसीपीआर’ नावाचं वेगळं साधन आहे, नॉर्टनचं ‘रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल’. दोन्ही फुकट आहेत. ती फक्त त्या त्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन मात्र करू नका. तिथे वर येणारे बरेच नंबर भामट्यांचे असतात. ते एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा लॅपटॉप चालवू देणारं ॲप टाकायला सांगतात आणि तुमच्या स्क्रीनवर बसून बँकेचं खातं उघडायला लावतात. असं कोणाचं झालंच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बाकीचं पटापट

गेम आणि किरकोळ ॲप्स स्टार्ट मेनूत राइट क्लिक करूनच निघतात. तिथली काही चित्रं तर नुसते दुवे असतात, दाबेपर्यंत ॲप उतरलेलंच नसतं. ती ‘अनपिन’ केली तरी पुरे. एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरसारख्या काही ॲप्सना काढायची सोय दिसत नाही, त्यांच्या मागे लागू नका.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप ॲप्स’ बघा. लॅपटॉप चालू होतानाच उठून बसणाऱ्यांची ती यादी आहे. चॅटची ॲप्स, गेमचे लाँचर, म्युझिक यांना ‘डिसेबल’ करा. ती निघत नाहीत, फक्त तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतात. आवाज आणि टचपॅडच्या नोंदी आहेत तशा राहू द्या.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग नोटिफिकेशन्स. अगदी खाली ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आहे. त्यातल्या सूचना आणि टिपांच्या तिन्ही टिका काढा. विंडोजची स्वतःची जाहिरातबाजी यातून बरीच थांबते.

काढल्यावरही ‘तुमचा अँटिव्हायरस संपला’ येतच असेल

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की वेगळा सांगतो. उजव्या कोपऱ्यात लाल खिडकी, पाच व्हायरस सापडले, लगेच रिन्यू करा. नाव एखाद्या प्रसिद्ध अँटिव्हायरसचं. आपण तर तो कालच काढलाय! ही खिडकी बहुधा त्या कंपनीची नसतेच. कुठल्यातरी सिनेमा नाहीतर निकाल दाखवणाऱ्या वेबसाइटने ‘अलाउ’ दाबायला सांगितलेलं असतं, कोणीतरी दाबलेलं असतं, आणि आता ती वेबसाइट ब्राउझरमधून नोटिफिकेशन पाठवत असते. खिडकीत बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि वेबसाइटचं नाव दिसतं, ते बघा.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या वेबसाइटींची यादी दिसेल. ओळखीच्या नसलेल्या सगळ्या काढून टाका, आणि पुढे कोणी विचारूच नये असंही तिथेच ठरवता येतं. एजमध्येही अशीच यादी आहे. काही काढावं लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. आणि ‘पीसी क्लीनर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ असलं काही यावर उपाय म्हणून टाकू नका. आपण एक ट्रायल काढून दुसरी घरात घेतो.

वनड्राइव्हबद्दल थोडं

हे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड स्टोरेज. ट्रायल नाही, पण त्रास तसाच देतं. फुकट मिळते ५ जीबी. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर ते स्वतःकडे वळवून घेतं, जागा भरली की पैसे मागतं. हवं असेल तर ठेवा. नको असेल तर घड्याळाजवळच्या ढगाच्या चित्रावर दाबून सेटिंग्ज उघडा आणि ‘मॅनेज बॅकअप’मध्ये फोल्डरचे बॅकअप बंद करा. पण बंद केल्यावर फाइली लॅपटॉपवर आहेत की फक्त वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहिल्यात, हे आधी उघडून बघा. ते बघितल्याशिवाय तिथलं काहीही डिलीट करू नका. प्रोजेक्टच्या फाइली अशाच जातात.

सगळंच नव्याने हवं असेल तर

काही जण सरळ विंडोज नव्याने टाका म्हणतात. नवख्या माणसाला मी हे सुचवत नाही, पण ज्याला करायचंच आहे त्याने इतकं लक्षात ठेवावं. ‘रीसेट धिस पीसी’ने कंपनीची ॲप्स परत येऊ शकतात. पूर्ण कोरं विंडोज हवं तर मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ आणि निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं. विंडोजच्या परवान्याची की (ही रिकव्हरी की नव्हे) मदरबोर्डवरच साठवलेली असते, ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही, आणि ‘की टाकायचे’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सुरू करण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की कागदावर उतरवा, आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून सीरियल नंबर टाकून वाय-फायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. नाहीतर नव्या विंडोजमध्ये इंटरनेट नाही आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, अशा कात्रीत सापडाल. इंटेलच्या काही लॅपटॉपवर तर डिस्कच दिसत नाही, तिचाही ड्रायव्हर तिथूनच घ्यावा लागतो.

कार्ड आधीच टाकलं असेल तर

ट्रायल सुरू करताना कोणी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी थांबत नाही. त्या कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात जाऊन ‘ऑटो रिन्यूअल’ बंद करावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात हे ‘सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये आहे. यूपीआय असेल तर ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगीही रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या निदान २४ तास आधी मेसेज यायला हवा, तो वाचायची सवय ठेवा.

काकूंचं ऑफिस ज्या खात्याला बांधलं होतं, ते शेवटी त्यांच्याच ताब्यात आलं. त्यासाठी पहिल्या दुकानात दोन चकरा झाल्या, बिल दाखवलं आणि ज्या ईमेलवर लॅपटॉप चालू केला होता त्याचा पासवर्ड काकूंच्या हाती आला. आता तो पासवर्ड, रिकव्हरी की आणि बिलाची झेरॉक्स लॅपटॉपच्या खोक्यात नाही, गोदरेजच्या कपाटात, घराच्या टॅक्सच्या पावत्यांसोबत ठेवली आहे.